रात्री बारानंतर स्ट्रीम गप्प होते आणि सकाळी बघावं तर सगळं चालू दिसतं: नेमकं कुठे अडकतंय ते कसं शोधलं

तर झालं असं की निफाड तालुक्यात मामांची द्राक्षबाग आहे आणि मी नाशकात इंदिरानगरला. बागेत एक रास्पबेरी पाय (छोटासा कॉम्प्युटर, पुढे नुसतं पाय) बसवलाय, त्याला डीएस१८बी२० चे दोन तापमानाचे सेन्सर, एक बागेत ओलांड्याच्या (वेलीच्या आडव्या फांदीच्या) उंचीला आणि दुसरा मोटारीच्या खोलीत. दर मिनिटाला प्रत्येक सेन्सरची एक ओळ फाइलमध्ये पडते, तारीख वेळ जागा आणि तापमान, बस. ही फाइल मला इथे घरी बसून टर्मिनलवर लाइव्ह बघायची होती. ॲप नको, डॅशबोर्ड नको, तिकडून ओळ निघाली की इकडे दिसली पाहिजे एवढंच. निफाडची थंडी ज्यांना माहितीये त्यांना कारण सांगायला नको. थंडीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा पेपरात येतो पण तो दुसऱ्या दिवशी, आणि मामांना पहाटे चारला ठरवायचं असतं की बागेत शेकोट्या पेटवायच्या का, ड्रिप सोडायचं का. मण्यात पाणी उतरायच्या वेळेला पारा घसरला की मणी तडकतात, मग कळून काय उपयोग.

आणि ही स्ट्रीम नेमकी रात्रीच गप्प व्हायची. दुरुस्त केली की तीनचार दिवस नीट, परत गप्प. महिनाभर मी एकच प्रॉब्लेम समजून ह्याच्या मागे होतो, नंतर कळलं की प्रॉब्लेम चार आहेत आणि चारही दिसायला सारखेच, स्क्रीनवर कर्सर लुकलुकतोय आणि ओळ येत नाही. म्हणून सगळं एकदा लिहून ठेवतोय.

कमांडा उच्चाराप्रमाणे लिहिल्यात कारण मी त्या मामेभावाला फोनवर अशाच सांगितल्या. टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरं.

आधी रचना सांगतो. मामांकडचा राउटर सरळ इंटरनेटवर नाहीये. राउटरच्या पानावर वॅनचा (इंटरनेटकडच्या बाजूचा) पत्ता १०० ने सुरू होतोय आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ मधला असेल तर समजायचं की इंटरनेट कंपनीने अख्ख्या गल्लीला एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवलंय. हा पट्टा २०१२ साली खास ह्याच कामासाठी राखून ठेवला गेला. मग तुम्ही राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं आतल्या मशीनकडे वळवणं) करा, बाहेरून आत कोणी येऊच शकत नाही, आतून बाहेर मात्र जाता येतं. माझ्या घरीही तीच गत. म्हणून मध्ये एक भाड्याचा छोटा सर्व्हर घेतला. पाय त्या सर्व्हरला एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित शिरायची कमांड) करतो आणि डॅश कॅपिटल आर देऊन उलटा टनेल उघडतो, म्हणजे सर्व्हरच्या ७००० पोर्टवर (पोर्ट म्हणजे मशीनचं एका नंबरचं दार) कोणी आलं की तो पायच्या ७००० वर पोचतो. पायवर सोकॅट (येणाऱ्याला एखादी कमांड जोडून देणारा प्रोग्रॅम) बसलाय, कोणी आलं की तो टेलला (फाइलच्या शेवटी पडणाऱ्या ओळी दाखवणारी कमांड) ग्रेप (हव्या तेवढ्या ओळी गाळून घेणारी कमांड) जोडून चालवतो आणि बागेच्या ओळी तेवढ्या पाठवतो. मी घरून सर्व्हरवर एसएसएचने शिरतो आणि तिथून नेटकॅटने (पोर्टला जोडून येईल ते दाखवणारा प्रोग्रॅम) ७००० ला जोडतो. (मामेभावाला बरेच दिवस वाटत होतं की ग्रेप ही द्राक्षवाल्यांसाठीची स्पेशल कमांड आहे. मीही लगेच सांगितलं नाही.)

एक गोष्ट इथेच. हा ७००० पोर्ट डीफॉल्टला सर्व्हरच्या आतल्या पत्त्यावरच उघडतो, बाहेरून थेट लागत नाही. बरेच जण वैतागून गेटवेपोर्ट्स यस (पोर्ट बाहेरूनही लागू देणारं सेटिंग) करून टाकतात. करू नका. नेटकॅट आणि सोकॅटचा साधा टीसीपी उघडा असतो, ना पासवर्ड ना एन्क्रिप्शन, एसएसएचच्या आत आहे तेच बरंय.

आता पहिलं लक्षण. कनेक्ट झालं, पण काहीच येत नाही, आणि मग जवळपास तीन तासांनी एकदम ढीगभर ओळी धाडकन येतात. हे मी दोन दिवस नेटवर्कवर ढकललं, कंपनीला फोन केला, तिथल्या मुलाने राउटर बंद करून चालू करायला लावला. नेटवर्कचा काही संबंधच नव्हता. ग्रेपचं आउटपुट टर्मिनलवर असेल तर तो ओळ संपली की लगेच सोडतो, पण पुढे पाइप असेल, म्हणजे आउटपुट दुसऱ्या प्रोग्रॅमला जोडलेलं असेल, तर तो साठवत बसतो आणि साधारण ४०९६ बाइट भरले की एकदम सोडतो. माझी ओळ आहे २४ बाइटची. ४०९६ भागिले २४ म्हणजे १७० ओळी, मिनिटाला एक, झाले २ तास ५० मिनिटं. आकडा जुळल्यावर मी स्वतःलाच एक चापट मारली. उपाय एका शब्दाचा, ग्रेपला डॅश डॅश लाइन हायफन बफर्ड द्या. सेड असेल तर डॅश यू, पायथन असेल तर पायथनलाही डॅश यू, ऑक असेल तर प्रत्येक प्रिंटनंतर एफफ्लश, आणि ज्याला असा पर्याय नाही त्याच्या आधी एसटीडीबफ डॅश ओएल लावून बघा, बहुतेक वेळा चालतं. साखळीत असे दोन असतील तर दोघांनाही लावावं लागतं, एकाला लावून दुसरा विसरला तर काही फरक पडत नाही, म्हणून लोक म्हणतात की मी केलं पण चाललं नाही.

दुसरं लक्षण, ज्याने मला सगळ्यात जास्त छळलं. संध्याकाळी जोडलं, साडेअकरापर्यंत ओळी छान येतायत, रात्री बारा वाजून गेल्यावर कधीतरी थांबतात. कनेक्शन तुटत नाही, एररही नाही. सकाळी नवीन जोडलं की परत चालू. मी म्हटलं रात्री कंपनी काहीतरी करत असणार, किंवा लाइट जात असणार, मामांनाही विचारलं, ते म्हणाले लाइट होती रे, रात्रभर मोटर चालूए.

इथे एक सवय कामाला आली. स्ट्रीम थांबली की आधी काही बंद करू नका, रीस्टार्ट करू नका, थांबलेल्या अवस्थेतच बघा. पायवर शिरून एसएस डॅश टीएन चालवा. त्यात प्रत्येक कनेक्शनपुढे दोन आकडे दिसतात, रिसीव्ह क्यू आणि सेंड क्यू. सेंड क्यूमध्ये आकडा साठलेला असेल आणि कमी होत नसेल तर पाठवलेल्याची पलीकडून पोचपावती येत नाहीये, म्हणजे भानगड रस्त्यात किंवा पलीकडे. रिसीव्ह क्यू साठलेला असेल तर माल मशीनपर्यंत आलाय पण तुमचा प्रोग्रॅम उचलत नाहीये. आणि दोन्ही शून्य असतील तर नेटवर्क बिचारं मोकळं बसलंय, त्याला कोणी काही दिलेलंच नाही. माझे दोन्ही शून्य होते. म्हणजे ओळी निघतच नव्हत्या. पण फाइल उघडून बघितली तर तिच्यात दर मिनिटाला ओळी पडत होत्या!

फाइलमध्ये ओळ पडतेय, टेल चालूए, आणि टेलमधून काही निघत नाही. मग डोक्यात आलं, लॉगरोटेट. मीच लावला होता, कार्ड भरू नये म्हणून, तो रोज रात्री बारानंतर जुनी फाइल दुसऱ्या नावाने बाजूला ठेवतो आणि त्याच नावाची कोरी फाइल बनवतो. आणि टेलचं असंय की डॅश स्मॉल एफ दिलं तर तो फाइलचं नाव नाही, ती उघडलेली फाइलच धरून बसतो. नाव बदललं तरी तो त्या जुन्या फाइलकडेच बघत राहतो जिच्यात आता कधीच काही पडणार नाही. डॅश कॅपिटल एफ दिलं तर तो नावावर लक्ष ठेवतो, त्या नावाची नवीन फाइल आली की तिच्यावर उडी मारतो.

आता गंमत बघा, मला हे माहिती होतं. मी फोनवर मामेभावाला सांगताना "टेल डॅश एफ" एवढंच म्हणालो होतो, माझ्या डोक्यात कॅपिटल, त्याने टाकला स्मॉल. त्याची चूक कशी म्हणणार. तेव्हापासून आमचा नियम झालाय, फोनवर कमांड सांगताना कॅपिटल असेल तर "मोठा एफ" म्हणायचं आणि त्याने ती परत वाचून दाखवायची. "दादा, डॅश, मोठा एफ, मग स्पेस." स्पेससुद्धा म्हणतो तो आता.

तिसरं. हे दर आठपंधरा दिवसांनी व्हायचं. मी जोडतो, नेटकॅट म्हणतो जोडलं, पण ओळ येत नाही. पायवर, म्हणजे मामेभावाला बघायला सांगितलं तर एसएसएच चालू दिसतोय. सर्व्हरवर बघितलं तर ७००० उघडा दिसतोय. दोन्ही टोकं सांगतायत की आम्ही ठणठणीत आहोत. हे कळायला वेळ लागला पण एकदा कळलं की सोपंय. दिवसभर मी बघत नसतो तेव्हा टनेलमधून एक बाइटही जात नाही. मधल्या एनएटीच्या (अनेकांना एका पत्त्यामागे ठेवणारी ती कंपनीची व्यवस्था) यादीत हे कनेक्शन नोंदलेलं असतं, बराच वेळ हालचाल नाही म्हटल्यावर तो नोंद काढून टाकतो, आणि काढल्याचं कोणालाच कळवत नाही. पायला वाटतं जोडलेलोय, सर्व्हरला वाटतं जोडलेलोय. मी ७००० ला गेलो की सर्व्हर मला लगेच आत घेतो कारण तो पोर्ट त्याच्याच मशीनवर उघडाय, आणि मग माझी विनंती मेलेल्या टनेलमध्ये टाकून वाट बघत बसतो. म्हणून "कनेक्ट होतंय" ह्यावर विश्वास ठेवू नका, ते फक्त सर्व्हरपर्यंत कनेक्ट होतंय.

टीसीपीचा, म्हणजे खालच्या कनेक्शनचा, स्वतःचा कीपअलाइव्ह (पलीकडचा आहे का ते चाचपणारा) असतो, तोही चालू असतो, मग त्याने का नाही पकडलं? लिनक्सवर तो पहिली चाचपणीच ७२०० सेकंदांनी करतो, दोन तास. तोवर नोंद गेलेली असते. त्यामुळे पायच्या एसएसएच कॉन्फिगमध्ये सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल ३० करा, काउंट मॅक्स मुळात ३ असतोच. दर ३० सेकंदांनी एक छोटा निरोप जातो, त्यामुळे एनएटीची नोंदही ताजी राहते, आणि तीन निरोपांना उत्तर आलं नाही की दीड मिनिटात एसएसएच स्वतःहून बंद होतो. बंद झाला की सिस्टमडीने (लिनक्सवर प्रोग्रॅम चालू ठेवणारी व्यवस्था) परत उठवायचा, रीस्टार्ट ऑलवेज.

इथे बहुतेक लोक थांबतात आणि चौथ्या खड्ड्यात जातात, मीही गेलो. मामांकडचा राउटर लाइट गेल्याने बंद पडून परत चालू झाला, पाय परत जोडायला गेला, पण सर्व्हरवर जुन्या मेलेल्या सेशनने ७००० अजून धरून ठेवलाय, कारण त्याला कोणी सांगितलंच नाही की पलीकडचा गेला. मग नवीन एसएसएच लॉगमध्ये एक वॉर्निंग टाकतो की ह्या पोर्टचं फॉरवर्डिंग जमलं नाही, आणि तसाच जोडलेला राहतो, टनेलशिवाय! सर्व्हर अलाइव्हचे निरोप नीट जातायत येतायत, सिस्टमडी म्हणतो ॲक्टिव्ह, सगळं हिरवं, आणि आत टनेलच नाही. थोड्या वेळाने जुनं सेशन मरतं, ७००० मोकळा होतो, पण आता तो मागणारं कोणी नाही.

ह्याला दोन गोष्टी लागतात आणि दोन्ही लागतात. पायच्या बाजूला एक्झिट-ऑन-फॉरवर्ड-फेल्युअर यस, म्हणजे टनेल मिळाला नाही तर एसएसएचने बसून न राहता मरायचं आणि सिस्टमडीने परत प्रयत्न करायचा. आणि सर्व्हरच्या एसएसएचडी (एसएसएचची ऐकणारी बाजू) कॉन्फिगमध्ये क्लायंट-अलाइव्ह-इंटरव्हल ३०, म्हणजे तोही दीड मिनिटात जुनं सेशन सोडतो. हा दुसरा भाग सगळे विसरतात कारण तो दुसऱ्या मशीनवर आहे. आणि सिस्टमडीत रीस्टार्ट सेक १५ वगैरे ठेवा, मुळातला अगदी कमी आहे, सेकंदाचा दहावा भाग, आणि १० सेकंदांत पाच वेळा आपटलं की सिस्टमडी हात टेकतो आणि परत उठवतच नाही. मग तुम्ही म्हणणार रीस्टार्ट ऑलवेज लिहिलंय तरी चालू का होत नाही.

एवढं झाल्यावर स्ट्रीम बसली. फाइल पाठवण्याची रड वेगळी आहे, ती थोडक्यात. कॉलेज रोडवरचा एक मित्र मला तापमानाचे ग्राफ काढून देतो, तो विंडोजवाला. त्याला महिनाभराचा डेटा टार करून जीझिप करून (एकत्र बांधून, दाबून) एसएसएचमधून ओढायला सांगितला, त्याने पॉवरशेलमध्ये (विंडोजची कमांड खिडकी) ओढून बाणाच्या खुणेने फाइलमध्ये टाकला, तर फाइल जवळपास दुप्पट साइजची आणि उघडेना. तो म्हणे तुझा डेटा खराब. नव्हता. विंडोजसोबत येणारा जुना पॉवरशेल, ५.१, मधून जाणारं सगळं मजकूर समजतो आणि बाणाने फाइलमध्ये लिहिताना युटीएफ-१६ (साध्या अक्षरालाही दोन बाइट) करून लिहितो. ओळखायची खूण म्हणजे फाइलचे पहिले दोन बाइट, जीझिपचे १एफ ८बी असायला हवेत, त्याच्याकडे एफएफ एफई होते. पॉवरशेल ७.४ पासून हे सुधारलंय, नाहीतर साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये करा किंवा सरळ एससीपी (एसएसएचमधून फाइल कॉपी करणारी कमांड) वापरा. असाच दुसरा चावटपणा एसएसएचला डॅश टी दिल्यावर होतो, तो मध्ये टर्मिनल उभं करतो आणि टर्मिनल प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा कॅरेज रिटर्न घुसडतं. फाइल थोडीशीच मोठी आली असेल तर हे बघा. कोणतंही असो, दोन्हीकडे शा-२५६ सम (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढून जुळवा, डोळ्यांनी साइज बघून समाधान मानू नका.

आणि घरातल्या घरात नेटकॅटने फाइल टाकली की ती पूर्ण जाते पण दोन्हीकडे कर्सर तसाच, संपलं की नाही कळत नाही, हा तर फारच जुना प्रश्न. फाइल संपली तरी काही नेटकॅट लाइन बंद करत नाहीत. ओपनबीएसडीवाला असेल तर पाठवणाऱ्याला डॅश मोठा एन द्या, जुना ट्रॅडिशनल असेल तर डॅश क्यू १. एनमॅपसोबतचा एनकॅट असेल तर डॅश डॅश सेंड ओन्ली. एकाच नावाची तीन वेगळी माणसं आहेत ही, म्हणून एकाच्या मशीनवर चाललेली कमांड दुसऱ्याकडे चालत नाही. ऐकायला बसवतानाही तसंच, ट्रॅडिशनलला डॅश एल सोबत डॅश पी लागतो, ओपनबीएसडीवाल्याला पोर्ट नुसता दिला तरी चालतो. ओळखीतल्या कोणाला एखादीच फाइल द्यायची असेल तर मी आता ह्या भानगडीत पडत नाही, मॅजिक वर्महोल टाकतो, तो एक आकडा आणि दोन शब्दांचा कोड देतो, तो फोनवर सांगायचा, समोरच्याने टाकायचा, झालं.

परत स्ट्रीमकडे. एक गोष्ट मी सुरुवातीलाच करायला हवी होती. ओळ आली नाही म्हणजे तापमानच नोंदलं गेलं नाही, का रस्ता बंद झाला, हे इकडे बसून कळत नाही. म्हणून आता पाय दर मिनिटाला एक "जिवंत" अशी ओळही टाकतो, सेन्सर बोलो न बोलो, आणि ग्रेपला तीही सोडायला सांगितलीये. इकडे बॅशमध्ये रीड डॅश टी १८० लावलाय, तीन मिनिटांत कुठलीच ओळ आली नाही की लॅपटॉप बोंबलतो. जिवंत येतंय पण बागेची ओळ नाही, म्हणजे सेन्सर किंवा वायर. दोन्ही नाही, म्हणजे रस्ता. सोकॅटमधल्या टेलला डॅश एन ६० पण दिलंय, त्यामुळे परत जोडलं की आधी फाइलच्या मागच्या ६० ओळींतल्या बागेच्या आणि जिवंतच्या ओळी येतात, मधला खड्डा बऱ्यापैकी भरून निघतो.

सेन्सरवरून आठवलं, मध्येच ८५ अंश आलं तर घाबरू नका, हा सेन्सर नुकताच चालू झाला आणि मोजायच्या आत वाचला की ८५ च सांगतो, वायर ढिली असली की असं होतं. नेमकं ८५ आलं की ओळ टाकून द्यायची. आमच्याकडे ते जानेवारीत पहाटे आलं होतं, मामा म्हणाले बागेत भट्टी लावली का काय.

अलार्म लावल्यावर तिसऱ्याच रात्री दोन चाळीसला लॅपटॉप ओरडला. मी धडपडत उठलो, एसएस बघायला पायपर्यंत पोचताच येईना, सर्व्हरवर जुनं सेशन दीड मिनिटात नीट सुटलेलं दिसत होतं, म्हणजे माझी व्यवस्था बरोबर चालत होती पण पलीकडे पायच नव्हता. न राहवून मामांना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"लाइट गेलीये रे. मी बागेतच उभाय, हातात साधा थर्मामीटरए, सहाच्या वरए अजून. झोप तू."